शेत ‘क’

पहिल्यांदा आली तेव्हा तेवीस वर्षांची होती,
मांड्यांपर्यंत रबरी बूट, काखेत ओली वही,
आणि माझ्याआधी कुत्र्याशी बोलली.
म्हणाली, हेलेध प्रोबर्ट, विद्यापीठातून.
तुमच्या पुलाखाली डोकावू का?
पूल माझा नाही, मी म्हटलं, खालचं पाणीही नाही.
माझी फक्त मेंढरं.
तरी दर एप्रिलात विचारत राहिली.

पुलाच्या सांध्यात शेवाळाचा एक गोळा असतो.
आत ब्रॉनवेन-अ-दूर;
आमच्या वेल्श बोलीत, पाण्यातली गोऱ्या छातीची.
मूठभर पाखरू, पण ओढ्याच्या तळावरून चालतं,
दगडांखालच्या अळ्या वेचतं
आणि वर येतं ते कोरडंच.

हेलेध घरट्यातून एकच अंडं न्यायची, गार पडलेलं.
कापसात, मग डबीत, मग गाडीतल्या बर्फात.
खाली शहराजवळच्या अंड्यांत तिला सोफा सापडला.
खरंच. सोफ्यानं पेट घेऊ नये म्हणून
फोमात घालतात ते रसायन.
त्या रात्री माझी मोर्विध
आमच्या सोफ्यावर जरा अवघडूनच बसली.

नोकरी तिची तीन-तीन वर्षांची.
एका साली पैसेच मंजूर झाले नाहीत;
तरी आली, पदरच्या पेट्रोलनं. नवरा सोबत होता.
पुढच्या साली नव्हता.
आम्ही विचारलं नाही. मोर्विधनं तिच्या बशीत
केकचा दुसरा तुकडा ठेवला.

मग तो एप्रिल.
शेवाळ ओलं, अंडी नाहीत.
तिनं एक दगड पालथा केला. दुसरा. पंधरावा.
सगळे धुतल्या तांदळासारखे,
एक पाय वळवळेना.
त्या दिवशी ती चहाला आली नाही.

दुसऱ्या दिवशी आली, कोट न काढता बसली.
म्हणाली, तुमच्या हौदाच्या वरचे दगड जिवंत आहेत.
हौद म्हणजे मेंढरं औषधात बुचकळायचा.
त्याला तडा होता, केसाएवढा.
मला माहीत होता.
पेलाभर झिरपलं असेल,
आणि मैलोन्मैल ओढा मुका.

मला ओरडायचं होतं.
आधीचं औषध माझ्या हातांत शिरलं होतं,
सदऱ्याची बटणं मोर्विध लावायची.
हे नवं घेतलं, कारण डब्यावर लिहिलं होतं:
माणसासाठी सुरक्षित.
मी बोललो नाही. हात टेबलावर ठेवले,
कपबशी वाजू लागली.
तिनं पाहिलं. बराच वेळ.
वहीत काही लिहिलं नाही.

लेख छापून आला तेव्हा मोर्विधनं चष्मा पुसून शोधलं.
आकडे सगळे होते, एकही राखून ठेवला नव्हता.
माझं नाव नव्हतं. मी होतो शेत ‘क’.
हौद मी त्याच आठवड्यात फोडला.
फोड, असं ती म्हणाली नव्हती.

सात वर्षं घरटं रिकामं.
तरी यायची. रिकाम्याचीही नोंद असते म्हणे.
आठव्या वर्षी पुलाखालून तिची हाक आली,
आणि मी दूध उतू जाऊ दिलं.

आता ती निवृत्त, समुद्राकाठी राहते, खुबा बदललेला.
मोर्विध गेली. पुलाखाली मीच वाकतो,
टॉर्च दातांत धरून,
आणि पोस्टकार्डावर फक्त आकडा लिहून पाठवतो.
हात हे असे, पाचाचं पोट फुगून सहा होतं.
चौथ्या दिवशी फोन वाजतो.
कसा आहेस नाही, काही नाही.
‘पाच की सहा?’
थांब, म्हणतो, परत बघून येतो.
आणि बूट चढवतो.